बिल करताना मोबाईल नंबर का मागतात? तो द्यावाच लागतो का?

नंदनवनच्या मेन रोडवर संध्याकाळी खरेदीला निघा. मेडिकलमध्ये जा, कपड्यांच्या शोरूममध्ये जा, चपला घ्या, नाहीतर चष्म्याची काच बदलून घ्या. काउंटरवर एक वाक्य ठरलेलं असतं, "नंबर सांगा न." आपण दहा आकडे सांगून मोकळे होतो. मागे रांगेत उभ्या असलेल्या चार जणांनाही ते ऐकू जातात, पण त्याचं आपल्याला काही वाटत नाही.

माझ्या आईनं मागच्या वर्षी असाच नंबर सांगितला होता. तिला नुकतीच शुगर निघाली होती. घरात हे बाबांना आणि मला, दोघांनाच माहीत होतं. मावशीलाही तिनं सांगितलं नव्हतं. ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या घेऊन ती घरी आली आणि आठवडाभरात तिला फोन आला, "मॅडम, डायबिटीससाठी आमच्याकडे एक कोर्स आहे." आईनं फोन ठेवला आणि मला विचारलं, "याला कोणी सांगितलं?"

याचं उत्तर आम्हाला आजही मिळालेलं नाही. त्या दिवसांत तिनं नंबर चार ठिकाणी दिला होता. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये, मेडिकलमध्ये, एका मोफत तपासणी शिबिरात आणि फोनवरच्या एका ॲपमध्ये. यातल्या कुणी माहिती पुढे दिली, की कुणीच दिली नाही आणि तो फोन योगायोगानं आला, हे सिद्ध करायला आमच्याकडे काहीही नव्हतं. म्हणून मी कुणाकडे बोट दाखवत नाही. पण आईच्या त्या एका प्रश्नामुळे मी हा विषय मुळापासून समजून घेतला. तोच इथे सोप्या भाषेत मांडते.

नंबरच का हवा असतो?

एका शहरात एकाच नावाची पन्नास माणसं सापडतात. पत्ता बदलतो. घर भाड्याचं असेल तर दर ११ महिन्यांनी बदलतो. मोबाईल नंबर मात्र आपण सहसा बदलत नाही. बँकेत तोच, आधारला तोच, गॅसच्या बुकिंगला तोच, इन्स्टाग्रामलाही तोच. कंपनी बदलली तरी नंबर पोर्ट करून आपण तोच ठेवतो.

त्यामुळे डेटाच्या धंद्यात मोबाईल नंबर म्हणजे सुई-दोरा. एका दुकानाच्या यादीत या नंबरपुढे "ग्लुकोमीटर" लिहिलंय, दुसऱ्या यादीत "वय ५०च्या वर", तिसरीत "फ्लॅट, नंदनवन". तिन्ही याद्या वेगवेगळ्या आहेत तोवर त्यांतून फार काही कळत नाही. नंबर समान असल्यानं त्या एकमेकींना शिवता येतात आणि मग एका माणसाचं बऱ्यापैकी पूर्ण चित्र तयार होतं. याला प्रोफाइल म्हणतात.

आपल्या गल्लीतला दुकानदार स्वतः हे सगळं करत बसतो, असं मात्र नाही. बहुतेकांनी जीएसटीसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलेलं असतं. त्यात मोबाईल नंबरचा रकाना असतो. काउंटरवरच्या मुलाला "रकाना भरायचा" एवढंच सांगितलेलं असतं. तुम्ही विचारलं तर तो म्हणतो, "ताई, त्याशिवाय सिस्टम पुढे जातच नाही." तो डेटा दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये राहतो की सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर जातो, हे अनेकदा मालकालाही ठाऊक नसतं.

त्या नंबरचं पुढे काय होतं?

मोठ्या साखळी दुकानांत तुमच्या प्रत्येक बिलातून तीन साध्या गोष्टी मोजल्या जातात. शेवटची खरेदी कधी केली, किती वेळा येता आणि किती पैसे खर्च करता. यावरून ग्राहकांचे गट पाडतात. नेहमी येणारे, येणं बंद झालेले, फक्त सेलला येणारे. येणं बंद झालेल्याला "आम्ही तुम्हाला मिस करतोय" असा मेसेज आणि कूपन जातं. सेलवाल्याला सेलच्या आदल्या दिवशी मेसेज जातो.

दुसरी मोजणी असते ती एकत्र घेतल्या जाणाऱ्या वस्तूंची. बेबी पावडर घेणारा माणूस महिनाभरात डायपर घेतो का? साखर बंद करून गूळ आणि ग्रीन टी घेणारा पुढे काय घेतो? लाखो बिलं एकत्र ठेवली की असे नमुने दिसायला लागतात. हेच डेटा ॲनालिटिक्स.

यात सगळंच वाईट आहे असं नाही. नंबर दिलेला असेल तर बिल हरवलं तरी वस्तू बदलून मिळते. एखाद्या औषधाचा माल कंपनीनं परत मागवला तर दुकानदार तुम्हाला फोन करू शकतो. अडचण तेव्हा सुरू होते जेव्हा एका कामासाठी दिलेला नंबर दुसऱ्याच कामाला वापरला जातो आणि ते आपल्याला कुणी सांगत नाही.

"फोन आपलं बोलणं ऐकतो" असं का वाटतं?

तुम्ही दुकानात बूट घेतले आणि रात्री इन्स्टाग्रामवर त्याच ब्रँडच्या मोज्यांची जाहिरात दिसली. असं झालं की आपण म्हणतो, फोन ऐकतोय. पण यासाठी फोनच्या माईकची गरजच नाही.

सोशल मीडिया कंपन्या जाहिरातदारांना एक सोय देतात. दुकानानं आपल्या ग्राहकांच्या नंबरांची यादी अपलोड करायची. ते नंबर सांकेतिक अक्षरांत बदलले जातात आणि कंपनी ते आपल्या खातेदारांच्या नंबरांशी जुळवते. जे जुळले त्यांना जाहिरात दिसते. तुम्ही काउंटरवर दिलेला नंबर आणि तुमच्या खात्याला जोडलेला नंबर एकच आहे, एवढं पुरतं. पुढची पायरी म्हणजे "या लोकांसारखेच दिसणारे आणखी लोक शोधून द्या" असंही जाहिरातदार सांगू शकतो. म्हणजे तुम्ही नंबर दिला नसला तरी तुमच्यासारख्या वयाच्या, भागातल्या आणि सवयींच्या लोकांनी दिला असेल, तर जाहिरात तुमच्यापर्यंत पोहोचते.

हे किती पसरू शकतं याचं गाजलेलं उदाहरण २०१८चं आहे. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात फेसबुकनं स्वतः दिलेल्या माहितीनुसार, भारतात ते ॲप फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं. पण त्यांच्या मित्रयादीतून ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता होती, अशा भारतीयांची संख्या सुमारे ५ लाख ६२ हजार होती. यातल्या बहुतेकांना त्या ॲपचं नावही माहीत नव्हतं.

नाव काढून टाकलं तर धोका संपतो का?

"आम्ही तुमचा डेटा शेअर करतो, पण नाव-नंबर काढून" असं वाक्य अनेक ॲपच्या अटींमध्ये असतं. ऐकायला ते बरं वाटतं. २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात ११ लाख लोकांचे तीन महिन्यांचे क्रेडिट कार्ड व्यवहार तपासले होते. नावं काढलेली होती. तरीही एखाद्या माणसानं कोणत्या दिवशी कोणत्या दुकानात खरेदी केली अशा फक्त चार नोंदी माहीत असतील, तर ९० टक्के लोकांना त्या गर्दीतून वेगळं ओळखता येत होतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर सोमवारी जगनाडे चौकातला पेट्रोल पंप, मंगळवारी सक्करदऱ्याला कपडे, गुरुवारी नंदनवनात मेडिकल, रविवारी सीताबर्डीत हॉटेल. या चारही ठिकाणी त्याच दिवशी गेलेलं माणूस अख्ख्या नागपुरात बहुधा एकच असेल.

नंबर देणं बंधनकारक आहे का?

नाही. रोजच्या खरेदीत बिलासाठी मोबाईल नंबर देण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही.

जीएसटीच्या नियम ४६ मध्ये बिलावर काय असावं याची यादी आहे. साध्या ग्राहकाचं नाव आणि पत्ता ५० हजार रुपये किंवा त्याहून मोठ्या बिलावर लागतो. त्या यादीत ग्राहकाचा मोबाईल नंबर नाही. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो, ती वेगळी गोष्ट.

मेडिकलचं काय? काही औषधं 'शेड्यूल एच-१' मध्ये येतात. त्यात काही ताकदीच्या अँटिबायोटिक्स, टीबीची आणि झोपेची औषधं आहेत. ही देताना दुकानदाराला डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. म्हणजे तिथे नाव मागितलं तर वाद घालू नका. पण मोबाईल नंबर त्या यादीतही नाही.

मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांच्या संघटनांना सूचना दिली की, बिलासाठी ग्राहकाकडे मोबाईल नंबरचा आग्रह धरू नये. नंबर दिल्याशिवाय बिलच करणार नाही असं म्हणणं ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते, अशी विभागाची भूमिका होती. शिवाय ग्राहकानं विश्वासानं दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं, हे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे.

होम डिलिव्हरी, वॉरंटीची नोंदणी, दुरुस्तीला दिलेला फोन, अशा ठिकाणी नंबर लागतो कारण संपर्क करावाच लागणार असतो. तिथे द्या. प्रश्न एकच विचारायचा, "कशासाठी?"

खासगीपणाचा हक्क आणि नागपूर

"आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमतानं सांगितलं की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या विरोधात केलेल्या याचिकेतून हा प्रश्न उभा राहिला होता.

त्या नऊ जणांत एक नागपूरकर होते, न्यायमूर्ती शरद बोबडे. नागपुरात जन्मलेले, नागपूर विद्यापीठातून कायदा शिकलेले आणि नागपूर खंडपीठात वकिली केलेले बोबडे २०१९ मध्ये सरन्यायाधीश झाले. खासगीपणा ही पश्चिमेकडून आलेली कल्पना आहे, असा युक्तिवाद नेहमी होतो. बोबडे यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात जुन्या भारतीय ग्रंथांचे दाखले दिले. मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरायला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मनाई आहे, हा त्यातलाच एक. आज घराच्या जागी फोन आहे, एवढाच फरक.

या निकालाच्या महिनाभर आधी केंद्रानं डेटा संरक्षणाचा कायदा कसा असावा हे ठरवायला एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण. १९९२-९३च्या मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राला हे नाव ओळखीचं आहे. समितीनं जुलै २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर मसुदे बदलत गेले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला.

नव्या कायद्यात ग्राहकाला काय मिळतं?

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. ग्राहकाच्या कामाच्या मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे त्या मे २०२७ मध्ये लागू होतील. त्यातल्या महत्त्वाच्या गोष्टी अशा:

• संमती मोकळेपणानं दिलेली, ठरावीक कामापुरती आणि समजून-उमजून दिलेली असली पाहिजे. कायद्यातच उदाहरण आहे: डॉक्टरांच्या सल्ल्याच्या ॲपनं तुमची संपर्कयादी मागितली आणि तुम्ही "हो" म्हणालात, तरी त्या यादीपुरती संमती धरली जाणार नाही, कारण सल्ल्यासाठी ती लागतच नाही.
• मेडिकलचंही उदाहरण आहे. पावतीचा मेसेज यावा म्हणून तुम्ही नंबर दिला, तर दुकानदारानं तो पावती पाठवण्यासाठी वापरावा.
• संमतीची सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत वाचायचा पर्याय मिळाला पाहिजे.
• आपली कोणती माहिती ठेवली आहे ते विचारता येईल, दुरुस्त करता येईल, पुसायला सांगता येईल. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं.
• १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागेल. मुलांवर पाळत ठेवून त्यांना हेरून जाहिराती दाखवायलाही मनाई आहे.
• डेटा फुटला तर ज्यांचा फुटला त्यांना कळवावं लागेल. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मुलांबद्दलचा मुद्दा नागपूरकर पालकांनी लक्षात ठेवावा. दहावी-बारावीच्या दिवसांत क्लासवाल्यांचे फोन कुणाला येत नाहीत? प्रदर्शनातल्या लकी ड्रॉच्या डब्यात किंवा "मोफत स्कॉलरशिप टेस्ट"च्या फॉर्मवर मुलाचं नाव, शाळा, इयत्ता आणि वडिलांचा नंबर आपणच लिहून दिलेला असतो.

कायदा कुठे कमी पडतो?

पहिली गोष्ट, तो डिजिटल माहितीला लागू आहे. वहीत लिहिलेला नंबर कॉम्प्युटरमध्ये चढेपर्यंत या कायद्याच्या बाहेर आहे. फ्लॅट स्कीमच्या गेटवरचं व्हिजिटर रजिस्टर हे त्याचं साधं उदाहरण.

दुसरी गोष्ट, नुकसान तुमचं आणि दंड सरकारजमा. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जाते. आजवर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये, संवेदनशील माहिती जपण्यात कंपनीनं हयगय केली तर भरपाई मागायची सोय होती. नवा कायदा ते कलमच काढून टाकतो.

तिसरी गोष्ट, सरकारी यंत्रणांना मोठ्या सवलती आहेत.

आणि चौथी, आमच्या घरातली. चार ठिकाणी नंबर दिला असेल तर गळती कुठून झाली हे ग्राहकानं कसं दाखवायचं? विचारण्याचा हक्क आहे, पण विचारायचं कुणाला हे आधी कळायला हवं.

तोवर आपण काय करायचं?

काउंटरवर: "नंबर नको, बिल द्या" एवढंच म्हणा. भांडायची गरज नाही. मी गेले काही महिने हेच करते. बहुतेक ठिकाणी मुलगा दहा शून्य टाकून बिल काढून देतो. म्हणजे सिस्टम पुढे जाते. नंबर द्यायचाच असेल तर मोठ्यानं सांगू नका, लिहून द्या.

फोनमध्ये: अँड्रॉइडच्या गोपनीयता सेटिंगमध्ये जाहिरात आयडी काढून टाकता येतो. आयफोनमध्ये ॲपनं ट्रॅकिंगची परवानगी मागितली तर नाही म्हणता येतं. टॉर्चच्या ॲपनं संपर्कयादी मागितली तर ते ॲपच काढा. कर्जाच्या ॲपना तुमची संपर्कयादी आणि कॉलची नोंद घ्यायला रिझर्व्ह बँकेनं २०२२ पासून मनाई केलेली आहे, हेही लक्षात ठेवा.

मेसेज ओळखताना: कंपनीकडून आलेल्या मेसेजच्या नावाच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर असतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. जाहिराती बंद करायला १९०९ वर नोंद करा. नको असलेल्या कॉलची तक्रार सात दिवसांच्या आत करता येते.

तक्रारीसाठी: नंबर दिला नाही म्हणून बिल नाकारलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि ती ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येते. पैशांची फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता १९३०.

आणि एक छोटी सवय. नंबर कुठे दिला ते तारखेसह फोनमध्ये लिहून ठेवा. आईनं ती लावून घेतली आहे. तिच्या यादीत आता जेमतेम सहा नावं आहेत. पट्ट्या ती अजूनही त्याच मेडिकलमधून घेते. मागच्या आठवड्यात मी सोबत होते. मुलानं विचारलं, "काकू, नंबर?" आई म्हणाली, "कशाला?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तसं काही नाही. राहू द्या." आणि बिल निघालं.